खारवणची विहीर

१. हिरवं कुरण

खारवण बंदराच्या तटाबाहेरची वस्ती रातोरात नाहीशी झाली होती.

वखार होती. गोऱ्या साहेबाचा बंगला होता, त्याच्या छपरावरचा काडीचा झेंडासुद्धा होता. धक्क्याला टेकलेली गलबतं होती. नव्हती ती फक्त वस्ती. जिथं काल संध्याकाळी दाटीवाटीनं झोपड्या उभ्या होत्या, मधोमध विहीर होती, तिथं आज हिरव्या भुशाचं गुळगुळीत कुरण पसरलं होतं. जणू तिथं कधी कुणी राहिलंच नव्हतं!

महामाया हॉलच्या दारात थबकली आणि तिच्या कानशिलांपर्यंत आग चढली.

खारवण म्हणजे शाळेच्या प्रदर्शनातलं तिचं मॉडेल. पलंगाएवढ्या प्लायवूडच्या फळीवर तिनं दिवाळीपासून आख्खं बंदर उभं केलं होतं. उदगीरच्या या नववीतल्या पोरीनं समुद्र जन्मात पाहिला नव्हता. तिच्या समुद्राचा निळा रंग घराच्या दाराला लावून उरलेला होता. पण खारवणची गोष्ट तिला तोंडपाठ होती. आनंदराजमामा कोकणात नोकरीला होता आणि एका रविवारी त्या पडक्या वखारीत उभं राहून त्यानं तिला मोबाईलवर सगळं गाव फिरवून दाखवलं होतं.

गोष्ट अशी. कंपनी सरकारच्या काळात इंग्रजांनी खाडीच्या तोंडाशी एक वखार टाकली. जहाजं येऊ लागली ती मालापेक्षा गोड्या पाण्यासाठी, कारण त्या किनाऱ्यावर गोडं पाणी एकाच विहिरीला होतं. आणि ती विहीर होती हमालांच्या वस्तीत, तटाबाहेर. गाव फुगलं. धक्का झाला, बंगले झाले. मग साहेबाला आणि शेटजींना वाटलं, पाणी आपल्याच ताब्यात हवं. वस्ती हुसकावली, तट पुढं सरकवला, विहिरीवर मोटा चालवल्या त्या थांबवल्याच नाहीत. विहीर उपसून उपसून तळाला गेली आणि खालून समुद्र आत शिरला. पाणी खारट झालं. जहाजांनी तोंड फिरवलं. साहेब गेला, शेटजी गेले, आणि वखारीच्या भिंतीतून पिंपळ उगवले.

ती विहीर दिसायला कशी होती, हे मात्र मामालाही सांगता आलं नव्हतं. ती कधीचीच बुजली होती. मग महामायानं आपल्या आजीच्या गोष्टीतली विहीर उचलली आणि खारवणला बसवली. घोड्याच्या नालासारखी, डावीकडं वळत उतरणाऱ्या पायऱ्यांची, आणि तिसरी पायरी फुटकी.

"मुडदा बशिवला त्याचा!" मागून राजकन्येचा आवाज आला. राजकन्या म्हणजे महामायाची पहिलीपासूनची मैत्रीण. तिचं तोंड तिच्या आधी वर्गात पोचायचं.

"कुणाचा?"

"ज्यानं हे केलं त्याचा. नाव मागून टाकू की! चल, हेडसरला सांगू."

हेडसर आले, चष्मा पुसला, मॉडेल पाहिलं. "अगं, छान तर दिसतंय," ते म्हणाले. "मोकळं, स्वच्छ. उद्या सकाळी उद्घाटन आहे. उगाच गोंधळ नको."

मोकळं! स्वच्छ! महामायाच्या हातातली कंपासपेटी कडकन वाजली, इतकी तिनं ती आवळली होती.

"सर, माझ्या गावातली माणसं कुणीतरी नेलीत. उद्या सकाळपर्यंत मी त्यांना शोधणार. आणि नेणाऱ्यालापण."

२. नीटनेटका चोर

हॉलचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोर किल्लीनं आत आला होता, नाहीतर कुलूप लागायच्या आधीपासून आतच होता.

पहिला संशय बबलूवर. त्याचा ज्वालामुखी खारवणच्या शेजारच्याच टेबलावर होता आणि काल सगळी पोरं ज्वालामुखीकडं पाठ करून खारवण बघत होती. दोघींनी त्याला पटांगणात खो-खोच्या खांबापाशी गाठलं. शाळेच्या खो-खोचा एक खांब लाकडी होता आणि दुसरा लोखंडी, पोकळ, वर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण तारेनं आवळलेला. राजकन्येनं त्यावर स्टीलची बाटली आपटली. टण्ण!

"खरं सांग बबल्या. न्हाईतर हाच खांब तुझ्या डोक्यात घालीन."

"घाल की, उपटून दाखव आधी! खेळाच्या सरांनी तो लाकडी ठोकला, हा तर शाळेच्याबी आधीपासून हाय म्हणतेत." बबलूनं घाम पुसला. "आन मी कामून करू? मी केलं असतं तर तुझा समुद्रच पालथा केला असता, महामाया. तिथं जाऊन बग, भुसा कसा एकसारखा पसरलाय. माझं काम असं नीट असतंय व्हय?"

हे मात्र खोटं म्हणायची सोय नव्हती. त्याचा ज्वालामुखी कालपासून टेबलावरून खाली जमिनीवर गळत होता.

"नीट," महामाया पुटपुटली. "नीटच तर खटकतंय."

दोघी परत हॉलमध्ये गेल्या आणि कानाकोपरा शोधू लागल्या. स्टेजच्या मागं सोमवारच्या भूमिपूजनाचं सामान रचून ठेवलं होतं. नव्या कोऱ्या कुदळी, त्यांच्या दांड्यांना लाल रिबिनी, एक घमेलं, नारळांचं पोतं. पटांगणाच्या अर्ध्या भागावर दुकानांचं कॉम्प्लेक्स होणार होतं. संस्थेला उत्पन्न पाहिजे, असं अध्यक्ष म्हणत. अध्यक्ष म्हणजे ईश्वरप्पा. सगळं उदगीर त्यांना आप्पा म्हणायचं.

पोत्याच्या आडोशाला आंब्याच्या ज्यूसचं रिकामं खोकं होतं. राजकन्येनं त्यात डोकावलं आणि किंचाळली.

झोपड्या! सगळ्याच्या सगळ्या. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत एकेक बसवलेल्या. एकीचंही छप्पर चेपलेलं नव्हतं.

राजकन्या नाचायलाच लागली, पण महामाया खोक्याकडं बघत उभी राहिली.

"राजे, ज्याला वस्तीचा राग असतो, तो वस्ती तुडवतो. ह्यानं तर जीव लावून उचलून ठेवलीय."

"मग?"

"मग ह्याला वस्ती नको नव्हती. ह्याला दुसरंच काहीतरी नको होतं."

३. मॅडमचा सल्ला

तरी सिंधुमॅडमना विचारायचं राहिलंच होतं. त्या चित्रकला शिकवायच्या, हिरवा भुसा त्यांच्याच कपाटातला होता, आणि परवा त्यांनीच महामायाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं होतं, "हे बघ, बंदर सुंदर झालंय. तेवढी ती वस्ती काढ ना. लातूरचे परीक्षक येणार. त्यांना कशाला उगाच ते हुसकावणं बिसकावणं?"

तेव्हा महामाया गप्प बसली होती. आज बसली नाही.

"मॅडम, वस्ती तुम्ही काढलीत?"

मॅडमच्या हातातला ब्रश थांबला. "मी?"

"तुम्हाला नको होती ना."

"नको होती. अजूनही नकोच आहे." मॅडम लालबुंद झाल्या. "पण मी तोंडावर सांगितलं की नाही? चोरून करायला मला कुणाचं भ्याव? भुशाच्या कपाटाला तर कडीसुद्धा नाही, कुणीही घेतं."

"वस्ती काढली तर बंदराला पाणी कोण देणार, मॅडम? साहेब काय ज्यूस पिऊन राहणार होता?"

राजकन्येला हसू आवरेना, आणि नवल म्हणजे मॅडमनाही. ब्रश खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चिडू नको. काल मीटिंगच्या आधी आप्पांना हॉल दाखवला. तुझ्या मॉडेलपाशी ते कितीतरी वेळ उभे होते, त्या विहिरीवर वाकून. मला म्हणाले, तिसरी पायरी फुटकी का केलीय? मी म्हटलं, पोरीच्या हातून तुटली असेल, घेईल चिकटवून. एवढं बारकाईनं बघितलं त्यांनी. कौतुक आहे का नाही?"

"आहे," महामाया म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिला विहीर आठवली. सकाळपासून झोपड्यांच्या नादात ती विहिरीकडं वळलीच नव्हती!

ती धावत हॉलमध्ये आली. बोटानं हलकेच भुसा बाजूला केला. झोपड्या उचलल्या होत्या, पण विहीर उचलली नव्हती. ती बुजवली होती. बागेतली ओली माती आत दाबून दाबून भरली होती, आता ती वाळून घट्ट झाली होती. घोड्याचा नाल गडप, पायऱ्या गडप.

आणि मातीच्या बरोबर मधोमध तिच्या बोटाला काहीतरी टोचलं.

४. मधोमध उभी

ती ज्यूसची नळी होती. ज्यूसच्या पाकिटाला चिकटून येते तसली, बोटाएवढी, एका टोकाला तिरकी कापलेली. मातीत पडली नव्हती, अडकली नव्हती. सरळ उभी होती. खालचं टोक विहिरीच्या तळाला, वरचं टोक भुशाच्या अगदी खाली, मोकळं. आधी नळी उभी करून मग भोवती माती भरल्यासारखी.

"कुणी ज्यूस पीत पीत चोरी केली का काय?" राजकन्या म्हणाली.

"पिणारा नळी फेकून देईल. मातीत उभी रोवेल कशाला?"

तिनं भुसा होता तसा परत पसरला, तळहातानं सारखा केला, आणि राजकन्येला विद्येची शपथ घातली की ह्यातलं अक्षर बाहेर पडता कामा नये. गुपित पोटात ठेवणं राजकन्येला जड, पण तिनं शपथ घेतली.

संगप्पाकाका शिपाई व्हरांड्यात घंटा पुसत बसले होते. हॉलची एक किल्ली त्यांच्या कमरेला आणि दुसरी ऑफिसातल्या खिळ्याला.

"काका, ज्यूसची पाकिटं कुणासाठी आणली होती?"

"कालच्या मीटिंगला की. बाकीचे सभासद लग्नाला गेलते, सह्या तेवढ्या येणार म्हणं. मीटिंगला आप्पा, हेडसर आन मॅडम. उरलेलं एक पाकीट मी प्यालो. का, हिशेब द्यावं लागतंय का?"

"तुम्ही वस्तीला हात लावला नाही ना, काका?"

संगप्पाकाकांनी घंटा खाली ठेवली. "माय, मी देगलूरहून हितं येऊन अजून दोन दिवाळ्या झाल्या न्हाईत. मला ह्या गावची खरी वस्ती कोणती त्येच धड ठाऊक न्हाई, तुझी खेळण्यातली घेऊन काय करू? हॉल मी साडेपाचला लावला. मीटिंग सुटल्यावर कोण किल्ली घेऊन गेलं, मी काय पहारा करून राहिलो का?"

म्हणजे ज्यूस पिणारे चौघं, आणि किल्ली चौघांच्याही हाताशी. नळी चौघांपैकीच कुणाची तरी. पण चौघांपैकी कोण एका खेळण्यातल्या विहिरीत नळी उभी करील? आणि कशासाठी?

५. आजी बोलते

शाळेची भिंत संपते तिथं महामायाची वस्ती सुरू होते. दुपारी टँकर यायचा होता. रंगीत घागरींची रांग लागली होती आणि धुरपताबाई, म्हणजे महामायाची आजी, आपल्या निळ्या ड्रमावर बसून रांगेवर लक्ष ठेवून होती.

"काय ग, तोंड का असं भोपळ्यावानी फुगलंय? तुझ्या समिंदराचं पाणी आटलं का?"

महामायानं सगळं सांगितलं. झोपड्यांचं सांगितलं तेव्हा आजीनं मान हलवली. विहीर बुजवल्याचं सांगितलं तेव्हा ओठ मुडपले. पण नळीचं सांगितलं आणि आजी ताडकन ड्रमावरून उठली.

"उभी व्हती? मधोमध?"

"हाव. तोंड वर मोकळं."

आजीनं शाळेच्या भिंतीकडं पाहिलं. टँकर आला, पाईप पडला, बायकांचा गलका झाला, तरी आजी रांग सोडून उभी.

"त्याला श्वास म्हणतेत," ती शेवटी म्हणाली. "जित्या झऱ्याची विहीर बुजवायची तर काही घरांत लई भ्याव असतंय. कोंडली तर विहीर शाप देती, घराचं वाटोळं करती. म्हनून माती लोटायच्या आधी मधी नळी उभी करतेत. विहिरीला श्वास घ्यायला. आमी न्हाई मानत असलं. पण आमची विहीर बुजविणारा मानत व्हता."

"आपली विहीर? ती तर तू म्हणायची, आटली."

"आटली कुठली! लेकरांना सांगायला लाज वाटती म्हनून म्हणलं आटली." आजीचा आवाज कापला, रडू नव्हे, संताप होता तो. "त्या भिताडाच्या आत व्हती आपली वस्ती. आन आपली विहीर. आप्पा आला, जवान व्हता तवा. म्हणला, शाळा काढायची हाय, जागा द्या, तुमच्याच लेकरांची शाळा. पोरी, शाळा म्हणल्यावर बाबासाहेबाची लेकरं न्हाई कशी म्हणतील? आमी आपल्या हातानं आपली छपरं उतरवली. वस्ती भिताडाबाहेर आली. विहीर तेवढी ऱ्हाऊ दे म्हणलं. एक दिवस ट्रॅक्टर आला आन माती लोटली. तुझ्या आज्यानं अर्ज केला तर म्हणतेत, नकाशात विहीरच न्हाई, बुजविली कुणी म्हणता?"

"आणि नळी?"

"आप्पानं स्वताच्या हातानं धरली व्हती. माती भरस्तोवर सोडली न्हाई. माणसाला माणसाचं भ्याव न्हाई वाटलं, विहिरीचं वाटलं!"

"कुठं आहे ती आता?"

"कोण जाणे. तवा तिथं नुसता ढिगारा. मग भिंत झाली. आमाला आत कोण बोलवितंय?"

महामाया मटकन ड्रमावर बसली. आजीची विहीर. नालासारखी, डावीकडं वळणारी. तिसरी पायरी फुटकी. ती तर खारवण दाखवत होती. पण बघणाऱ्याला काय दिसलं होतं?

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. ते हेच!

"आजी, उद्या माझ्याबरोबर शाळेत चल. बघू कोण अडवतंय."

६. नळी कुणाची

रविवारी हॉल गच्च भरला. लातूरचे परीक्षक, पालक, पोरं. आप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार. आजीही पांढऱ्या लुगड्यात आली होती आणि दाराशी खुर्ची असूनही उभी होती.

परीक्षक खारवणपाशी आले, त्यांच्यामागून आप्पा, हेडसर, मॅडम. झोपड्या परत जागेवर होत्या. विहिरीच्या जागी मात्र हिरवा भुसा तसाच.

महामाया फळीच्या कडेला उभी राहिली. तिनं एकेका जागेवर बोट ठेवत सुरू केलं. वखार, जहाजं, धक्का, हुसकावलेली वस्ती. तिचा आवाज चढत गेला. मागं गोंगाट करणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

"आणि ही त्यांची विहीर, जिच्यावर सगळं बंदर जगलं. परवा ती कुणीतरी माती घालून बुजवली. पण अर्धवटच! आत पोकळी राहिलीय." तिनं टेबलाखालून कालवलेल्या प्लास्टरचं भगुणं उचललं. "तर मी आता हिचं तोंड कायमचं बंद करते. आत मुंगीएवढी हवा जाणार नाही. कोंडून टाकते."

तिनं भगुणं तिरपं केलं. पांढरं प्लास्टर काठाशी आलं. एक जाड थेंब सुटला, भुशावर पडला.

"थांब!" आप्पा ओरडले. "आधी नळी वर घे! नळी वर घे पोरी!"

सगळ्या माना आप्पांकडं वळल्या.

महामायानं भगुणं सावकाश खाली ठेवलं. "कोणती नळी, आप्पा?"

आप्पांचा हात गळ्यातल्या हाराकडं गेला.

"इथं तर नुसता भुसा दिसतोय. हेडसर, तुम्हाला नळी दिसते? मॅडम, तुम्हाला?" तिनं दोन बोटांनी भुसा बाजूला केला आणि ती नळी सगळ्यांना दाखवली. "आत नळी आहे, हे तिघींनाच माहीत होतं. मला, राजकन्येला आणि माझ्या आजीला. आणि चौथा तो, ज्यानं ती उभी केली."

"आन मी शपथ मोडली न्हाई!" राजकन्या गर्दीतून ओरडली. "पोट दुखून राहिलं रात्रभर, पण मोडली न्हाई!"

हेडसर पुढं झाले. "महामाया, जीभ आवर. एका खेळण्यासाठी आप्पांसारखा माणूस..."

"खेळण्यासाठी नाही, सर. म्हणून तर झोपड्यांना धक्का लागला नाही. ते भांडण नव्हतंच. भांडण विहिरीशी होतं." ती आता कुणाचंच ऐकत नव्हती. "नळी मीटिंगच्या ज्यूसची. मीटिंगला आप्पा, तुम्ही, मॅडम, आणि ज्यूस देणारे संगप्पाकाका. काका परवा परवा देगलूरहून आले. तुम्ही जूनमध्ये पुण्याहून आलात. ही विहीर तुम्हा दोघांनी कुठं पाहिली असणार? मॅडमना वाटलं, तिसरी पायरी माझ्या हातून तुटली. पण आप्पांनी विचारलं, फुटकी का *केली*य? कारण ती पायरी फुटकीच असते, हे त्यांना माहीत होतं. ही खारवणची विहीरच नाही. ही माझ्या आजीची विहीर आहे. ह्या शाळेतली!"

आप्पांचा चेहरा हाराखाली राखेसारखा झाला होता. पण इतकी वर्षं राज्य केलेला माणूस तो. त्यांनी मान ताठ केली.

"म्हातारीच्या गोष्टी. इथं विहीर कधीच नव्हती. नकाशा बघा. असली तर दाखव ना, कुठं आहे?"

असं म्हणाले खरे. पण म्हणता म्हणता त्यांची नजर खिडकीबाहेर पटांगणाकडं गेली. क्षणभरच. आणि लगेच मागं आली.

महामायाही त्या नजरेमागून गेली. बाहेर ऊन तापलं होतं. पटांगणात कुणीच नव्हतं. फक्त खो-खोचे दोन खांब. एक लाकडी.

शाळेच्याबी आधीपासून हाय म्हणतेत.

"आजी," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, "चल!"

७. खडा

सगळी शाळा पटांगणात लोटली. आप्पा हॉलच्या पायरीवरच थांबले. त्यांच्याजवळ कुणीच थांबलं नाही.

बबलूनं खांबाच्या झाकणाची तार पिरगाळून तोडली. पत्रा निघाला. आत काळोख. राजकन्येनं सवयीनं बाटली आपटली, टण्ण, आणि तो आवाज खाली खाली जात राहिला. इतकी वर्षं ह्याच खांबाला हात लावून पोरं पळाली होती, ह्याच्याभोवती गरगर वळली होती. आणि तो सगळा वेळ जमिनीखाली कुणीतरी श्वास घेत होतं.

महामायानं खडा उचलला आणि आजीच्या हातात दिला.

आजीनं तो लगेच टाकला नाही. खांबाला हात लावला. डावीकडं पाहिलं, जिथून पायऱ्या वळत असतील. मग जमिनीकडं बघून, जणू घागर घेऊन उतरतेय अशी, पाय जपून टाकल्यासारखी एक पाऊल पुढं झाली.

खडा सुटला. लोखंडाला घासत, ठेचकाळत, आवाज बारीक होत गेला. मग काहीच नाही. हेडसरांनी सुटकेचा श्वास सोडला.

डुबुक.

"हाय," आजी म्हणाली. कपाळ खांबाला टेकवून, डोळे मिटून. "अजून हाय."

आधी परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग पालकांनी, मग सगळ्या पटांगणानं. लातूरच्या परीक्षक बाई महामायाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय सुंदर सादरीकरण! पहिला क्रमांक तुझाच." सिंधुमॅडम डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. हेडसरसुद्धा वाजवत होते!

महामायाचं टाळकंच फिरलं. भिंतीपलीकडं निळे ड्रम उन्हात रिकामे उभे होते. खारवण बुडालं, तेव्हाही लोकांनी असंच हळहळून म्हटलं असेल, काय छान बंदर होतं!

"टाळ्या बंद करा!"

झाल्या बंद. एकदम.

"टाळ्यांनी पाणी वर येत नाही," ती म्हणाली. "संगप्पाकाका, स्टेजमागं उद्याच्या भूमिपूजनाच्या कुदळी ठेवल्यात ना, लाल रिबिनीच्या? त्या आणा. सगळ्या. भूमिपूजन आज आहे."

संगप्पाकाकांनी एकदा पायरीवरच्या आप्पांकडं पाहिलं. एकदा खांबाला टेकलेल्या म्हातारीकडं. मग कमरेच्या किल्ल्या वाजवत ते आप्पांच्या बाजूनं, त्यांच्याकडं न बघता, हॉलमध्ये शिरले.

"मुडदा बशिवला," राजकन्या बाह्या सावरत म्हणाली. "आता नाव टाकायला हरकत न्हाई."